दात लागलेली उंबरं

मलकापूर मागं टाकून रत्नागिरीच्या रस्त्यानं घाटाकडं निघालं की डाव्या हाताला एक दाट राई लागते. त्या राईत एक जुना बेहडा आहे. बेहड्याच्या शेंड्यावर कृष्णात नावाचं शेकरू राहायचं आणि मधल्या ढोलीत शिवगंगा नावाची धनेशाची मादी. दोघांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

भांडणाचं मूळ ती ढोलीच. कृष्णातला खरं तर ढोलीचा काही उपयोग नव्हता. काटक्या आणि पानांची सहा घरटी त्यानं वर बांधून ठेवली होती. एकात झोपायचा, एकात दुपारचा लोळायचा आणि उरलेली चार कुणी मागू नयेत म्हणून राखत बसायचा. पण ढोलीत आपण हिरडे ठेवत होतो, असं त्याचं म्हणणं. शिवगंगा दांडेलीकडची. लग्न होऊन इकडं आली तेव्हा नवऱ्यानं, सोमशेखरानं, तिला राईतल्या झाडून सगळ्या ढोली दाखवल्या आणि बाईंना नेमकी हीच पसंत पडली. आतले हिरडे तिनं चोचीनं एकेक करून बाहेर फेकले. ते खाली मुळात बीळ करून राहणाऱ्या झुंबरबाई साळिंदरीच्या डोक्यावर पडले. तिनं काटे खुळखुळवत वरच्या दोघांचाही उद्धार केला, आणि एका सकाळीत तीन घरांचं वाकडं झालं.

तेव्हापासून शिवगंगेला काही सांगायचं असलं की ती नवऱ्याला सांगायची, "शेजाऱ्यांना म्हणावं, उजाडायच्या आधी फांदीवर उड्या मारू नका." कृष्णात तिथंच हातभर अंतरावर बसलेला असायचा. सगळं ऐकू आलेलं असायचं. तरी सोमशेखर मान लववून तेच शब्द पुन्हा सांगेपर्यंत तो उत्तर द्यायचा नाही. मग उत्तरही सोमशेखराकडंच. बिचाऱ्याच्या डोक्यावर शिंगासारखा टोप, पंख उघडले की वारं घोंघावल्यासारखा आवाज, आणि स्वभाव मात्र गोगलगाईचा. दोन्हीकडचे निरोप पोचवताना तो त्यातली धार आपल्या मनानं काढून टाकायचा. म्हणून तर तीन वर्षं एका झाडावर निभावलं.

राईतली बाकीची मंडळीही असलीच. वानरांचा म्होरक्या सम्राट दिवसभर रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून गाड्यांतून पडणारे वेफर वेचायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, "माझी वर वळख हाय." वर म्हणजे कुठं, हे कुणी विचारलं नाही. पिराजी नावाचा एक म्हातारा गवा होता, कळपानं टाकलेला. अंगानं दोन म्हशींएवढा, पण पालापाचोळ्यात सरडा पळाला तरी दचकायचा. तो रोज तिन्हीसांजेला झुंबरबाईच्या बिळापाशी येऊन उभा राहायचा आणि तुझ्या पायानं माझं घर खचतंय म्हणून ती त्याला तासभर बोलायची. तो मान खाली घालून ऐकायचा आणि समाधानानं परत जायचा. एखाद्या दिवशी आला नाही, तर तीच काटे वाजवत त्याला शोधत फिरायची.

त्या फाल्गुनात शिवगंगा ढोलीत शिरली. सोमशेखरानं ओल्या मातीचे गोळे आणून दिले, तिनं आतून दार लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उरली. धनेशांची रीतच तशी. आत बसल्यावर मादीची उडायची पिसं झडून जातात, नवी यायला महिने लागतात. तोवर ती बाई आणि तिची पिल्लं, सगळी नवऱ्याच्या चोचीवर. सोमशेखर दिवसातून तीसचाळीस खेपा घालायचा. गळ्यात पंधरा-पंधरा उंबरं भरून आणायचा, फटीपाशी एकेक वर काढून द्यायचा. आतून चोच यायची, फळ चाचपायची, आणि कधीकधी परत बाहेर टाकायची. "तुरट हाय." तो तसाच पुन्हा उडायचा. कृष्णात वरून बघत बसायचा आणि आपण बिनलग्नाचे राहिलो याचं त्याला बरं वाटायचं.

त्याच दिवसांत रस्ता रुंद करायची माणसं आली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूच्या झाडांची साल तासून त्यांनी तांबडे आकडे घातले. सम्राटानं सभा बोलावली. झुंबरबाईचं म्हणणं पडलं की ही जनगणना असणार. पिराजीला वाटलं, देवाची झाडं म्हणून कुंकू लावलंय. सम्राट म्हणाला, काळजी करू नका, मी बोलतो. एवढ्यात सोमशेखर भीत भीत म्हणाला की आकडे फक्त पलीकडच्या झाडांना आहेत, आपल्या बाजूला एकही नाही. हे ऐकल्यावर सभेचा जीव भांड्यात पडला. "मग आपल्याला काय करायचंय," कृष्णात म्हणाला, आणि सगळे आपापल्या घरी गेले. ते वाक्य पुढं त्याला फार दिवस पुरलं.

दोन दिवसांत पलीकडची रांग आडवी झाली. करवतीचा आवाज थांबला तेव्हा रस्त्यावर आभाळ दिसलं, जिथं कधीच दिसलं नव्हतं. आजवर दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या होत्या. शेकरं, वानरं, खारी, सगळ्यांची ये-जा वरूनच चालायची, खाली रस्ता आहे हे कित्येकांना माहीतही नव्हतं. आता मधे ऐंशी पावलांची मोकळी खाई. उंबराचं झाड मात्र वाचलं होतं. ते पलीकडं, आत ओढ्याच्या काठाला होतं. पिकलेली फळं त्या दिवसांत तेवढ्या एकाच झाडाला. अलीकडच्या जांभळांना अजून हिरवा तुरा होता, पिकायला दीड महिना तरी हवा.

चैत्रात ढोलीत दोन पिल्लं झाली. सोमशेखरानं राईभर फिरून सांगितलं, प्रत्येकाच्या दारात एकेक उंबर ठेवलं. कृष्णातच्याही. त्यानं ते सगळ्यांसमोर फांदीवरून खाली ढकललं आणि कुणी बघत नाहीसं पाहून खालच्या बेचक्यात अडकलेलं ते काढून खाल्लं. चांगलं गोड होतं.

त्यानंतर पाचव्या दिवसाची गोष्ट. कृष्णात रस्त्याच्या कडेच्या फांदीवर शेपूट विंचरत बसला होता. पलीकडून सोमशेखर निघालेला त्याला दिसला. पूर्वी तो आधी रस्त्याकडेच्या नांद्रुकाच्या शेंड्यावर टेकायचा, दम घ्यायचा आणि तिथून उंचावरून अलीकडं यायचा. आता टेकायला शेंडाच उरला नव्हता. दिवसभराच्या खेपांनी पंख जड झालेले, गळा फळांनी भरलेला, तो ओढ्यावरून तसाच सरळ खालून आला. घाटाकडून एक मोठी बस येत होती.

आवाज फार झाला नाही. बस थांबलीही नाही. सोमशेखर डांबरावर पडला आणि त्याच्या गळ्यातली उंबरं सगळीकडं घरंगळत गेली. मागून आलेल्या गाड्यांच्या चाकांखाली ती एकेक फुटत होती. कृष्णातच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की केवढी फळं वाया चालली. ही गोष्ट त्यानं पुढं कुणालाही सांगितली नाही.

ऊन कलल्यावर तो बेहड्यावर परतला. फटीतून चोच बाहेर आलेली होती, उघडी.

"कृष्णातअण्णा," आतून हाक आली. तीन वर्षांत पहिली. "आमचे हे दिसले काय कुठं?"

सांगायचं म्हणून तो आला होता. वाटेत शब्दही जुळवले होते.

"दिसले की," तो म्हणाला. "हिकडली उंबरं संपत आली म्हणं. लांब गेल्यात, पार घाटाच्या खाली. चार दिस लागतील म्हणाले. तवर तुमी बघा, असं मला सांगून गेल्यात."

चोच फटीतून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली.

"बरं," शिवगंगा म्हणाली. "मग बघा."

त्या दिवशी कृष्णातनं आपल्याकडं होतं नव्हतं ते सगळं नेऊन दिलं. राखीव घरट्यांत लपवलेली तोरणाची फळं, अळवाची दोन सुकलेली फळं, बाभळीच्या शेंगा. फटीतली चोच एकही वस्तू परत टाकत नव्हती. तुरट, कडू, सुकं, जे येईल ते आत जात होतं. हेच त्याला सगळ्यांत भीतिदायक वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून हिशेब उघडा पडला. सोमशेखर एका खेपेला पंधरा फळं आणायचा, कृष्णातच्या तोंडात एक मावायचं. आणि ते एक तरी आणायचं कुठून? अलीकडं फळ नाही, आणि पलीकडं जायला फांदी नाही. शेकराच्या जातीनं जमिनीवर उतरायचं म्हणजे अब्रू आणि जीव दोन्ही गेल्यातच जमा. दोन दिवस त्यानं अलीकडच्या बाजूला एकेक झुडूप पिंजून काढलं. तिसऱ्या दिवशी तो सम्राटाकडं गेला.

सम्राटानं पुन्हा सभा घेतली. खरी गोष्ट कृष्णातनं त्या सभेत सांगितली आणि ती वर ढोलीपर्यंत जाऊ द्यायची नाही असं ठरलं. पिराजी हुंदके देऊ लागला, त्याला झुंबरबाईनं गप्प केलं, आवाज वर जाईल म्हणून. सम्राटानं आपली आठ तरणी पोरं उंबर आणायला धाडली. पोरं दणक्यात गेली, रस्ता ओलांडून पोचली आणि दुपारनंतर गाल फुगवून, हात हलवत परत आली. "पोरं हायत," सम्राट म्हणाला, "त्यास्नी बी भूक लागतीच की." दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी कृष्णात त्यांना सांगायला गेला नाही.

झुंबरबाईला झाडावर चढता येत नव्हतं. तिनं रानकंद उकरून बुंध्यापाशी ढीग लावला. कृष्णातनं बुंध्याला उलटं लटकून ते कुरतडले आणि तुकडे वर नेले. शिवगंगेनं खाल्ले आणि निरोप दिला, झुंबरबाईंना सांगा, तोंडाला चव आली. तीन वर्षांपूर्वी अंगावर हिरडे फेकणाऱ्या बाईचा हा निरोप ऐकून झुंबरबाई काटे न वाजवता बिळात गेली.

पण पुढची युक्ती तिनंच काढली. पिराजीला रस्ता ओलांडता येत होता. त्याला फळ तोडता येत नव्हतं, धरता येत नव्हतं, पण पाठ तर होती. पहाटे पिराजीनं ओढ्याच्या चिखलात अंग भरवून घ्यायचं, उंबराला धडक मारायची, पडलेली फळं पाठीच्या ओल्या चिखलाला चिकटतील, तशीच घेऊन यायचं. सगळे हसले. पिराजी म्हणाला, मला रस्त्याचं भ्या वाटतं. झुंबरबाई म्हणाली, "तुला कशाचं वाटत न्हाय? जा की."

आणि ते जमलं. पहिल्या दिवशी पिराजी परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर अकरा उंबरं होती. मधमाश्याही होत्या. बेहड्याखाली तो डोळे मिटून उभा राहिला, कृष्णातनं उलटं लटकून एकेक फळ काढलं. चिखल माखलेला, कानाला पान चिकटलेलं, असला तो अवतार बघून वानरांची पोरंसुद्धा खाली आली. ढोलीतून पिल्लांचा चिरका आवाज ऐकू आला, बऱ्याच दिवसांनी. झुंबरबाई पिराजीला म्हणाली की पाय जरा लांब ठेव, बीळ खचतंय. तो एवढा सुखावला, की त्या दिवशी आणखी एक खेप घातली.

असे सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत कृष्णातला वाटू लागलं होतं की जांभळं पिकेपर्यंत निभेल.

सातव्या दिवशी पिराजीला उशीर झाला. उजाडल्यावर तो रस्त्यावर आला तेव्हा दोन्हीकडून गाड्या होत्या. एक थांबली, तिच्यामागं दुसरी, मग दहा. माणसं उतरली, हातातले फोन उंच धरून पुढं पुढं येऊ लागली. पिराजी रस्त्याच्या मधोमध थिजून उभा राहिला. कृष्णात कडेच्या फांदीवरून ओरडत होता, हिकडं ये, हिकडं ये. पण कुणीतरी हॉर्न दाबून धरला, कुणीतरी शिट्ट्या मारल्या. पिराजीला वाट सुचली ती एकच, जिकडं माणूस नव्हतं तिकडं. तो उताराला लागला, मलकापूरच्या दिशेनं, शेतांकडं. पाठीवरची उंबरं गळत गेली. त्याच्या मागं मोटरसायकली लागल्या.

चार दिवसांनी एक कावळा बातमी घेऊन आला. पेठ वडगावच्या बाजारात त्याचं जाणं-येणं असायचं. उसातनं लपत छपत पिराजी पार तिकडं गेला होता. तिथं दिवसभर हजार माणसांनी त्याला ह्या फडातून त्या फडात पळवला. दिवस मावळायला तो एका बांधाला खाली बसला. माणसं म्हणाली, दमलाय. पण तो उठलाच नाही.

झुंबरबाईनं ऐकून घेतलं. "त्यो भित्रा हुता," ती म्हणाली. "त्याला धाडलं कुणी?" ती उत्तरासाठी थांबली नाही. पुढं दोन दिवस ती बिळाबाहेर आली नाही. तिन्हीसांजेला आतून नुसता काट्यांचा आवाज यायचा.

पिराजी उताराला पळाला त्याच दिवशी कृष्णात जमिनीवर उतरला होता. पहिल्या खेपेला तो कठड्यापाशी इतका वेळ बसून राहिला, की त्याची सावली एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. पायांखाली डांबर तापलेलं, आणि जमीन हलत नव्हती, हेच त्याला विचित्र वाटत होतं. फांदी कशी, पाय ठेवला की उत्तर देते. शेवटी एक ट्रक गेल्यावर तो डोळे मिटून सुटला. पलीकडं पोचल्यावर त्याला कळलं की आपण सगळा रस्ता ओरडत आलो. उंबराचं एक फळ दातांत धरून तो तसाच परत आला. दिवसाला अशा पाच खेपा व्हायच्या. पाच फळं. तीन तोंडं.

पिल्लांना नुसती फळं पुरत नाहीत, किडामुंगी लागते, असं शिवगंगेनं संकोचत सांगितलं. कृष्णातनं जन्मात असलं काही धरलं नव्हतं. तो सालीखालच्या अळ्या काढू लागला. तोंडात वळवळायचं, पण न गिळता तसाच फटीपर्यंत जायचा. पंजे डांबरानं सोलवटले होते. ज्या शेपटीला तो रोज तासभर द्यायचा ती काट्याकुट्यांनी भरलेली, अर्धी झडलेली. सम्राट एकदा कठड्यावरून म्हणाला, "कृष्णात, कशाला जीव जाळतोस? त्या बाईनं तुला कधी चांगलं बोलल्यालं हाय व्हय?" कृष्णातचं लक्ष रस्त्याकडं होतं. गाडी येत होती, त्याला ओलांडायचं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी तो फळ घेऊन आला, तर फटीतून चोच आली ती रिकामी नव्हती. चोचीत काहीतरी होतं. कृष्णातनं आपलं फळ फांदीच्या बेचक्यात ठेवलं आणि पंजे पुढं केले. पिल्लू होतं. त्याचं वजन उंबराएवढंही भरलं नसतं.

"खाली टाकू नका, अण्णा," शिवगंगा म्हणाली. "खाली झुंबरबाई असत्यात."

त्यानं ते वर नेऊन आपल्या चौथ्या घरट्यात ठेवलं, वर पानं घातली. परत आला तेव्हा चोच फटीत तशीच होती.

"आता ह्यांचं सांगा," ती म्हणाली.

कृष्णातनं सांगितलं. बस, डांबर, सांडलेली उंबरं. आपल्या मनात काय आलं ते सोडून सगळं. सांगताना त्याला रडू येईना, याची त्याला लाज वाटली.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी कळलं. हे गळाभर उंबरं दिल्याबगर लांब गेलं नसतं, आणि ह्यांच्या उंबराला कधी दात लागल्याला नसतो. तुमच्या सगळ्या फळास्नी दात हायत."

"मग बोलला न्हाईसा?"

"बोलून काय करू? खोटं चाललं हुतं तवर तुमी येत हुता. खरं झाल्यावर थांबला असता तर?"

"थांबलो नसतो."

"ते आता कळलं. तवा कुठं कळत हुतं? आपलं बोलणं तरी हुतं काय?"

कृष्णात फटीला नाक लावून म्हणाला की भिंत फोडा, बाहेर या, एकानं तरी जगावं. ती म्हणाली, बाहेर येऊन काय करू, अंगावर पीस नाही, फांदीवर बसेन आणि वाऱ्यानं पडेन. आणि हे आतलं दुसरं कुणाच्या हवाली करू? "साकु, अण्णा," ती म्हणाली. कृष्णातला तिच्या बोलण्यातले थोडे कानडी शब्द कळायला लागले होते. पुरे, असं ती म्हणत होती. "त्या बेचक्यातलं फळ तेवढं द्या."

त्यानंतरच्या दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की चोच फळ घेते, आत वळते, आणि गिळल्याचा आवाज येतो तो बारका असतो. दरवेळी बारकाच. त्यानं विचारलं, तुम्ही काय खाता? ती म्हणाली, मी आधीच खाल्लं. खोटं कसं बोलायचं हे ती त्याच्याकडूनच शिकली असणार, पण तिला ते त्याच्याइतकंही जमत नव्हतं. त्यानं पाचाच्या सात खेपा केल्या. सातव्या खेपेला एका गाडीचा वारा लागून तो गटारात फेकला गेला, पुढचा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी तीनच खेपा झाल्या.

मग एका सकाळी फटीतून मोठी चोच आली नाही. बारकी आली, पिवळसर, मऊ. कृष्णातनं तिला अळी दिली. "आई निजलीय काय रं?" त्यानं विचारलं. पिल्लाला अजून बोलता येत नव्हतं. ते नुसतं चोच उघडून राहिलं. कृष्णातनं फटीतून आत पाहिलं. अंधारात डोळा सरावायला वेळ लागला. सरावल्यावर तो मागं सरला आणि लंगडत रस्त्याकडं निघाला, कारण पिल्लाला भूक होती.

त्याला त्यानं आणखी चार दिवस जगवलं. पाचव्या दिवशी चोच आली नाही. कृष्णात फटीपाशी फळ धरून बसला. मग ते कडेला ठेवून दुसरं आणायला गेला. संध्याकाळपर्यंत फटीच्या कडेला तीन उंबरं झाली, दुसऱ्या दिवशी सहा. मुंग्या लागल्या.

झुंबरबाई खाली येऊन उभी राहिली होती. 

"कृष्णात," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता."

आठवड्यानं जांभळं पिकली. त्या वर्षी एवढी लागली की फांद्या वाकल्या, खाली जमीन जांभळी झाली, चालायला जागा उरली नाही. वानरं खाऊन खाऊन पालथी पडली. सम्राट चार जांभळं घेऊन बेहड्यावर आला, ती फांदीवर ठेवली आणि आपल्या वरच्या ओळखीबद्दल काहीही न बोलता गेला. ती तिथंच सुकली.

पावसाळा झाला, थंडी आली. रस्ता पुरा होऊन गाड्या आणखी जोरात जाऊ लागल्या. वानरांनी राई सोडून ढाब्यांच्या बाजूला मुक्काम हलवला. कृष्णातचा पाय बरा झाला, पण लांब उडी मारताना अजून अडखळायचा. ढोलीच्या तोंडाची माती पावसानं विरघळून गेली होती. आतलं सगळं त्यानंच साफ केलं होतं, एकट्यानं, आणि वरच्या चौथ्या घरट्याशेजारी पाचवंही पानांनी झाकलं होतं.

माघात धनेशांचं एक तरणं जोडपं राईत आलं. नवं लग्न असणार. नर प्रत्येक झाडापाशी थांबून तिला दाखवत होता. बेहड्याच्या ढोलीपाशी ती थबकली, आत मान घालून आली आणि तिचे डोळे चमकले. मग तिनं वर पाहिलं. शेंड्यावर एक हडकलेलं शेकरू बसलं होतं.

"काका," ती म्हणाली, "ही जागा कुणाची हाय?"

कृष्णात तिच्याकडं बघत राहिला. तिची पिसं नवीकोरी होती. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याला नात्यानं हाक मारली होती.

"कुणाची न्हाय," तो म्हणाला. "पण हितं ऱ्हाऊ नका."

"का? ढोली चांगली हाय की. उंबर बी दिसलं पलीकडं."

"हितं ऱ्हाऊ नका म्हणलं न्हवं? पुढं जावा. लांब जावा."

त्यानं फांदीवर पाय आपटले, शेपूट उडवली आणि ती दोघं मागं सरेपर्यंत ओरडत राहिला. नर बायकोला हळूच म्हणाला की चल, असला शेजार कशाला. ती जाताना एकदा वळून ढोलीकडं बघून गेली. त्यांच्या पंखांचा घोंघावणारा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. ती दोघं रस्ता नीट उंचावरून ओलांडतात का, हे बघायला कृष्णात कडेच्या फांदीपर्यंत गेला. उंचावरूनच गेली.

दिवस मावळताना झुंबरबाई बाहेर आली.

"कोण आलतं रं?"

"पावणं."

"ऱ्हायला आलतं व्हय?"

"न्हाय," कृष्णात म्हणाला. "वाट चुकल्यालं."

ती मुळाशी उकरत राहिली. तो वर बसून होता. रस्त्यावरचे दिवे लागले तरी दोघं तिथंच होती.